सव्वा मीटरच्या परिघात

रोजच्या ऐकण्यासाठी मी वायरचा हेडफोन वापरते. तो घरात पडून होता म्हणून नव्हे, किंवा काटकसर म्हणूनही नव्हे; दोन्ही प्रकार हाताशी असताना मी तो निवडलेला आहे. ब्लूटूथच्या इअरबडविषयी माझ्या मनात राग नाही. पोळ्या लाटताना पुण्याच्या बहिणीशी बोलायचे असेल, किंवा सकाळी कॉलनीच्या बागेत फेऱ्या मारताना बातम्या ऐकायच्या असतील, तर तेच सोयीचे असतात आणि मीही तेच कानात घालते. माझे म्हणणे संगीत ऐकण्यापुरते आहे, आणि त्यातही ज्या संगीताला वीस मिनिटे, अर्धा तास, कधी तासभर द्यावा लागतो, त्या संगीतापुरते आहे.

इंदूरमध्ये राहून ख्याल ऐकायचा म्हटले की वाट उस्ताद अमीर खाँसाहेबांपाशी जातेच. त्यांचे वडील शहमीर खाँ होळकर दरबारात सारंगीवादक होते, खाँसाहेबांचे बालपण आणि सुरुवातीची तालीम याच गावात झाली, आणि पुढे मुंबई-कलकत्त्यात त्यांचे नाव झाल्यावरही त्यांच्या गायकीला रसिकांनी इंदूरचेच नाव दिले. १९६० च्या सुमारास त्यांची एक एलपी निघाली, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. त्यातला मारवा मी इतक्या वेळा ऐकलेला आहे की कुठलाही नवा हेडफोन हाती आला की आधी तोच लावून पाहते. मारव्यात पंचम नाही, आणि षड्ज असूनही तो दूर ठेवलेला असतो. कोमल ऋषभ आणि शुद्ध धैवत यांच्या आसऱ्याने गायक फिरत राहतो आणि षड्जावर येण्याची वेळ पुढे ढकलत नेतो. चौदा मात्रांच्या अतिविलंबित झुमरा तालाचे एक आवर्तन पाऊण मिनिटापासून मिनिटभरापर्यंत चालू शकते. तेवढ्या अवकाशात खाँसाहेब एखादाच स्वरसमूह मांडतात, थांबतात, तानपुरा तसाच वाहू देतात, आणि त्या थांबण्यात पुढच्या स्वराची जी ओढ निर्माण होते ती संपूर्णपणे ऐकणाऱ्याच्या मनात निर्माण होते. ध्वनिमुद्रणात त्या जागी तानपुरा आणि ठेका यांपलीकडे काही नसते. म्हणजे त्या गाण्याचा निम्मा भाग माझ्याकडे आहे, आणि माझे लक्ष तुटले तर तेवढा भाग वाजतच नाही. हेडफोन कोणता घ्यावा याचा विचार मी या जागेपासून सुरू करते.

आवाजाच्या प्रतीचा मुद्दा लोक सर्वांत आधी काढतात, म्हणून त्याविषयी आधी सांगते. सीडीवरच्या संगीतात दर सेकंदाला ४४,१०० वेळा, प्रत्येक वेळी १६ बिटांत, डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांची नोंद केलेली असते. हा हिशेब सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट इतका येतो. ब्लूटूथवर संगीत ऐकवणाऱ्या नेहमीच्या प्रत्येक उपकरणात जो असावाच लागतो, तो एसबीसी नावाचा कोडेक, म्हणजे आवाज दाबून पाठवण्याची पद्धत, चांगल्या मांडणीतही सेकंदाला ३२८ किलोबिटांच्या आसपास माहिती पाठवतो. आवाजाचे चार किंवा आठ पट्टे पाडायचे, कोणत्या पट्ट्याला किती बिट द्यायचे ते ठरवायचे, आणि उरलेला तपशील सोडून द्यायचा, अशी त्याची रीत आहे. एलडॅकसारखा कोडेक ९९० किलोबिटांपर्यंत जातो, पण तो फोन आणि हेडफोन या दोहोंत असावा लागतो, आणि संपर्क कमजोर झाला की तोही खालच्या पायरीवर उतरतो. शिवाय आपण इंटरनेटवरून जे ऐकतो ते बहुधा आधीच एकदा दाबून लहान केलेले असते. फोन ते उलगडतो आणि ब्लूटूथसाठी पुन्हा दाबतो. वायरीतून आकडे जातच नाहीत. फोनमध्ये डॅक नावाचा भाग असतो; त्याने आकड्यांचे विजेच्या चढउतारात रूपांतर केले की तो चढउतार तांब्यातून थेट कानापाशी पोचतो आणि हेडफोनमधला पडदा हलवतो.

हे सगळे खरे असले तरी माझी निवड केवळ या आकड्यांवर उभी नाही. ७८ गतीच्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेल्या ध्वनिमुद्रणांत वरच्या कंपनसंख्या मुळातच फारशा नाहीत, तबकडीची खरखर आहे, आवाज एकाच वाहिनीचा आहे. तिथे ३२८ किलोबिट पुरेसे होतात आणि शांत खोलीतही दोन्हींतला फरक मला सांगता येत नाही. जिथे तो मला कळतो ती जागा ठराविक आहे: अलीकडच्या, नीट केलेल्या ध्वनिमुद्रणातला तानपुरा. तारेखाली सुती दोरा सरकवून जवारी खोलली, म्हणजे तारेचा झणकार मोकळा केला, की त्या एका तारेतून स्वयंभू स्वरांची जी दाट साखळी निघते, ती अतिशय हलक्या आणि वरच्या आवाजांची असते, आणि गायकाचा आवाज जोरात असताना कोडेक सोडून देतो ते बहुधा असलेच आवाज असतात. चांगल्या वायरच्या हेडफोनमध्ये गायक थांबल्यावर तानपुरा पुढे येतो तेव्हा तो आधीपासून तिथे होता असे वाटते. हा फरक लहान आहे. एवढ्यासाठी कुणी वायर घ्यावी असे मी म्हणणार नाही.

मोठा फरक व्यत्ययाचा आहे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात काम करते. त्या पट्ट्याच्या ७९ वाहिन्या पाडून त्यांवरून ते सेकंदाला १,६०० वेळा जागा बदलते, म्हणजे एखादी वाहिनी गजबजलेली असली तरी संभाषण चालू राहावे. ही रचना फार बुद्धीने केलेली आहे, आणि २००३ सालच्या सुधारणेनंतर गजबजलेल्या वाहिन्या टाळून उड्या मारण्याचीही सोय त्यात आली. पण त्याच पट्ट्यात घरोघरचे वायफाय आहे, मायक्रोवेव्हची भट्टीही त्याच पट्ट्यात चालते, आणि माणसाचे शरीर, त्यातल्या पाण्यामुळे, या लहरी बऱ्यापैकी शोषून घेते. म्हणून फोन मागच्या खिशात असला तर कधीकधी मधूनच आवाज चिरफाळतो. लोकमान्यनगरातल्या आमच्या इमारतीत प्रत्येक बिऱ्हाडाचे स्वतंत्र वायफाय आहे, आणि संध्याकाळी सगळी मंडळी घरी आलेली असताना आवाज क्षणभर गळतो आणि परत येतो. भावगीतात ते खपून जाते. मारव्यातल्या त्या थांबण्यात ते खपत नाही, कारण तिथे गळलेला क्षण आणि गायकाने सोडलेला क्षण यांतला भेद मनाला लगेच करता येत नाही, आणि तो करण्याच्या खटपटीत ओढ सुटते. त्यात चार्जिंग संपत आल्याची घोषणा इअरबड स्वतःच कानात करतो, आणि ती करण्यासाठी तो गाण्याचा आवाज खाली दाबतो. समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, वाट पाहत असलेल्या माणसाच्या कानात हे व्हावे, ही गोष्ट मला आजही सहन होत नाही.

वायरीला चार्जिंग नाही आणि जोडणी शोधायची नाही. फोनमध्ये उतरवून ठेवलेले गाणे असेल तर सिम, वायफाय, ब्लूटूथ सगळे बंद करून फोन टेबलावर पालथा ठेवता येतो आणि फक्त गाणे चालू राहते. या तऱ्हेने ऐकण्यासाठी वायर अगदी अपरिहार्य आहे असे नाही, पण वायर असली की ते आपसूक घडते.

आणि ती मला बसवून ठेवते. बहुतेक हेडफोनची वायर सव्वा मीटरच्या आतबाहेर असते, म्हणजे टेबलावरच्या फोनपासून मी एका खुर्चीपुरतीच दूर जाऊ शकते. वायर नसते तेव्हा मी उठते. उठून वाळलेले कपडे काढते, दूध उतू जात नाही ना ते पाहते, खिडकी लावते, आणि गाणे माझ्याबरोबर घरभर फिरत असते; त्यात आनंद असतो, पण त्या वेळी मी ऐकत नसते, गाणे मला सोबत करत असते. सोबतही हवी असते, आणि त्यासाठी आशाबाईंची गाणी आहेत, नाट्यगीते आहेत, आवडीने लावलेली आणखी कितीतरी गाणी आहेत. विलंबित ख्यालाला सोबतीवर भागवता येत नाही. मैफलीत बसलेला माणूस आवर्तनाच्या मध्यावर उठून कपड्यांच्या घड्या घालायला जात नाही. गाणारा समोर असतो, शेजारी जाणकार बसलेले असतात, आणि त्या सगळ्यांचा मिळून एक बंध त्याच्यावर असतो. घरी एकट्याने ऐकणाऱ्यावर असा कोणताच बंध नाही. माझ्या बाबतीत वायर तेवढे काम करते. उठायचे असेल तर हेडफोन काढावा लागतो, आणि काढायचा असेल तर आपण गाणे अर्धवट सोडतो आहोत हे स्वतःशी कबूल करावे लागते. बहुतेक वेळा मी उठत नाही.

एका जागी बसण्याचा आणखी एक लाभ असा की आवाज लहान ठेवता येतो. रस्त्यावर, बसमध्ये, बाजारात ऐकायचे म्हटले की भोवतालच्या गोंगाटावर मात करण्यासाठी आपण नकळत आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत अशी मर्यादा सुचवलेली आहे, आणि आवाज थोडा जरी वाढला तरी सुरक्षित तास झपाट्याने घटतात. रात्री जेवणे आटोपल्यावर, शेजारचे टीव्ही बंद झाल्यावर, मी जितक्या हलक्या आवाजात खाँसाहेब ऐकते तितक्या हलक्या आवाजात दिवसा ऐकूच येणार नाही. गोंगाट कापणारे हेडफोन यावर तोड आहेत, हे मान्य आहे. अमर बोस यांना १९७८ मध्ये विमानप्रवासात ती कल्पना सुचली आणि आज ते तंत्र कितीतरी पुढे गेलेले आहे. विमानात किंवा इंदूर-पुणे बसमध्ये मी त्याचा उपयोग आनंदाने करीन.

माझी भाची गाणे शिकते. तिच्या बाई पुण्याला असतात आणि शिकवणी व्हिडिओ कॉलवर चालते, त्यामुळे वायर आणि ब्लूटूथ यांतला फरक आमच्या घरात केवळ आवडीचा राहिलेला नाही. ब्लूटूथच्या इअरबडचा माइक चालू झाला की बहुतेक उपकरणे संगीताची वाट सोडून संभाषणाची वाट धरतात, आणि त्या वाटेवर आवाजाचे नमुने सेकंदाला ८,००० किंवा फार तर १६,००० वेळा घेतले जातात. ४ किंवा ८ किलोहर्ट्‌झच्या वरचे सगळे नाहीसे होते आणि दोन वाहिन्यांची एक होते. फोनवर बोलायला हे पुरते. बाईंचा गंधार नेमका किती चढा लागला ते ओळखायला पुरत नाही. त्यावर व्हिडिओ कॉलची व्यवस्था अखंड वाजणाऱ्या आवाजाला गोंगाट समजून पुसून टाकते, म्हणजे तानपुराच आधी जातो. आवाजाला हात न लावण्याची सेटिंग शोधून ती चालू केल्यावर आणि वायरचा इअरफोन जोडल्यावर तिला बाईंच्या मागचा तानपुरा पहिल्यांदा नीट ऐकू आला.

त्याहून महत्त्वाची गोष्ट लयीची होती. ती मोबाइलवरच्या तबल्याबरोबर रियाज करते आणि आठवड्याचा पाठ त्या तबल्यासह ध्वनिमुद्रित करून बाईंना पाठवते. बाई दर वेळी म्हणत, "अगं, गाणं बरं आहे, पण तू मागे पडतेस, ठेक्यावर येतच नाहीस." मुलगी रडकुंडीला आली होती. कारण तिच्यात नव्हते. एसबीसीवर आवाज कानाशी पोचायला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. फोन तबला वाजवत होता त्या क्षणी नव्हे, तर त्यानंतर सुमारे एक पंचमांश सेकंदाने तो तिला ऐकू येत होता, ती त्या ऐकलेल्या ठोक्यावर अचूक येत होती, आणि ध्वनिमुद्रण करणारा प्रोग्राम तिचा आवाज मूळ ठोक्यांशी जुळवत होता. मध्यलय तीनताल मिनिटाला १२० मात्रांचा धरला तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची होते, आणि २०० मिलिसेकंद म्हणजे मात्रेचे दोन पंचमांश. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, तेव्हा हा उशीर तबलजी जवळजवळ सत्तर मीटर दूर बसल्याइतका झाला. इतक्या दूरच्या तबल्याबरोबर कुणीही गाऊ शकणार नाही. वायर लावल्यावर पुढच्या पाठाला बाईंनी लयीविषयी काही म्हटले नाही, आणि भाचीने मला फोन करून "मावशी, मी बेताल नाही," एवढेच सांगितले.

आईचे कारण निराळे आहे. तिला विविध भारती लागते, सकाळी "संगीत सरिता" लागते, आणि तिच्या साध्या बटणांच्या फोनमध्ये एफएम आहे. हा एफएम वायरचा इअरफोन जोडल्याशिवाय चालत नाही, कारण ती वायरच अँटेना असते. एफएमच्या लहरींची लांबी १०० मेगाहर्ट्‌झला सुमारे ३ मीटर असते, चांगल्या अँटेनाला तिच्या चौथ्या हिश्शाइतकी, म्हणजे पाऊण मीटरची, तार लागते, आणि इअरफोनची वायर ते काम सहज करते. इंदूरचे आकाशवाणी केंद्र, आमचे मालवा हाउस, १९५५ पासून चालू आहे आणि आईच्या पिढीच्या दिवसाची वेळापत्रके त्याच्या कार्यक्रमांवर बेतलेली होती. २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने मोबाइल उत्पादकांना फोनमधली एफएमची सोय बंद करू नये अशी सूचना केली. पूर, वादळ अशा प्रसंगी इंटरनेट गेले तरी रेडिओ पोचतो, हे त्यामागचे कारण. पण फोनची इअरफोनची खाचच काढून टाकली की अँटेनाही बहुधा तिच्याबरोबर जाते, याची चर्चा मला फारशी आढळत नाही.

कधीकधी आई आणि मी एकच इअरफोन वाटून घेतो, डावा तिच्या कानात, उजवा माझ्या कानात. एखादे स्टिरिओ ध्वनिमुद्रण असे ऐकले तर दोघींच्याही वाट्याला निम्मे येते, पण एका वाहिनीच्या जुन्या ध्वनिमुद्रणात दोन्ही कानांत तेच असते, त्यामुळे केसरबाई, फैयाज खाँ, आमचे खाँसाहेब दोघींनाही पूर्ण मिळतात. इअरबडही वाटून घेता येतात, यात शंका नाही. वायर असली की खुर्च्या जवळ घ्याव्या लागतात, आणि आई मध्येच कुठल्या तानेवर "हं" म्हणते ते मला ऐकू येते. १९७९ च्या जुलैमध्ये सोनीने पहिला वॉकमन बाजारात आणला तेव्हा त्याला हेडफोनच्या दोन खाचा होत्या, आणि एक नारिंगी बटण होते, जे दाबले की गाणे हळू होऊन माइकमधून शेजारच्याशी बोलता येई. खिशात घेऊन फिरायचे यंत्र बनवतानाही त्या लोकांना माणूस एकटा ऐकेल असे गृहीत धरवले नाही, हे मला फार भावते.

त्या खाचेचा इतिहास बराच मागे जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मुली एका घराची तार दुसऱ्या घराच्या तारेला ज्या प्लगने जोडत, तोच पाव इंची प्लग आजही ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांत आहे, आणि साडेतीन मिलिमीटरचा प्लग त्याचीच लहान आवृत्ती. १९१० च्या सुमारास युटा राज्यातल्या नॅथॅनियल बाल्डविन यांनी स्वयंपाकघरात बसून तयार केलेले हेडफोन अमेरिकेच्या नौदलाने घेतले. १९५८ मध्ये जॉन कॉस यांनी संगीतासाठी स्टिरिओ हेडफोन काढले. २०१६ च्या सप्टेंबरात ॲपलने आयफोन ७ मधून ही खाच काढली आणि त्या निर्णयाला मंचावरून धैर्य म्हटले. त्यानंतर एकेक करून बाकीच्या अनेकांनीही ती काढली. माझ्या मते धैर्याची गरज ती खाच ठेवायलाच अधिक होती, कारण चाळीस वर्षांपूर्वीचा चांगला हेडफोन त्या खाचेत आजही बसतो आणि वाजतो, आणि विकणाऱ्याला त्यातून नवे काही मिळत नाही.

वायर तुटते, हा तिच्यावरचा सर्वांत जुना आणि खरा आरोप. ती बहुधा प्लगच्या तोंडाशी तुटते, जिथे रोज वाकते. एका कानात आवाज येईनासा होतो, प्लगजवळ बोटाने दाबून धरले की परत येतो. तेव्हा मी जेल रोडला जाते. तिथल्या नॉव्हेल्टी मार्केटच्या परिसरात मोबाइलच्या दुकानांची जी दाटी आहे, तिच्यात बूड टेकायलाही जेमतेम जागा असलेल्या टेबलामागे सोल्डरिंगची कामे करणारे कारागीर अजून आहेत. हेडफोनच्या वायरीत तांब्याचे केसासारखे बारीक धागे असतात, त्यांच्यामध्ये ताण सोसायला नायलॉनचा धागा असतो, आणि प्रत्येक तांब्याच्या धाग्यावर वार्निशचा रंगीत थर असतो, बहुधा लाल उजव्या कानाचा, हिरवा किंवा निळा डाव्याचा, आणि तांबूस दोघांच्या समाईक परतीचा. तो थर जाळून काढल्याखेरीज कथील धरत नाही. नवशिक्याचा टाका इथेच सुटतो. मी ज्यांच्याकडे जाते ते गृहस्थ टोक क्षणभर तापवून थर उडवतात, कथील चढवतात, तीन टाके देतात, मल्टिमीटर लावून पाहतात, आणि मग स्वतःच्या फोनवर गाणे लावून हेडफोन माझ्या हाती देतात. "बहनजी, तार तो बढ़िया है, बस जोड़ से गई थी," असे ते म्हणाले होते, आणि त्या दुरुस्तीचे पैसे नवा घेण्याच्या मानाने नगण्य होते.

इअरबडच्या बाबतीत असे कारागीर काही करू शकत नाहीत, आणि तो त्यांचा दोष नव्हे. त्यात तीन बॅटऱ्या असतात, प्रत्येक बडमध्ये एक आणि डबीत एक. लिथियम-आयनची बॅटरी साधारण तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास उतरते, पुढेही उतरत राहते, आणि बडमधली वाटाण्याएवढी बॅटरी रोज भरली जाते. ती बाहेर काढण्यासाठी डिंकाने चिकटवलेले कवच फोडावे लागते. म्हणून दोन-तीन वर्षांनी ध्वनी देणारा भाग ठणठणीत असताना सबंध वस्तू टाकून द्यावी लागते. इंदूरच्या कचरागाडीत ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि ई-कचरा असे सहा कप्पे असतात, २०१७ ते २०२३ स्वच्छतेत सलग पहिल्या आलेल्या या गावाला त्याचा अभिमान आहे, आणि मलाही आहे. पण ई-कचरा वेगळ्या कप्प्यात टाकला म्हणजे आपला त्याच्याशी संबंध संपला असे मला वाटत नाही. वायरही शेवटी त्याच कप्प्यात जाते, फक्त फार उशिरा आणि बॅटरीशिवाय जाते.

वायरीचे जे दोष जात नाहीत तेही आहेत. ती कपड्यावर घासली की इअरफोनमध्ये धपधप ऐकू येते. वायर कानामागून वळवून घेतली आणि गळ्याशी चिमट्याने अडकवली तर ते बरेच कमी होते. फोनभोवती घट्ट गुंडाळल्याने ती लवकर जाते, म्हणून सैल वेटोळे करून ठेवावी. दुचाकीवर आणि व्यायाम करताना वायर धोक्याची आहे, आणि दुचाकीवर तर कानात काहीच नसावे.

आता घेणाऱ्यासाठी थोडे. नवीन हेडफोन घ्यायचा असेल तर वायर सुटी होणारा पाहावा; मग वायर गेली तर वायरच बदलता येते. फोनसाठी १६ ते ३२ ओहमचा पुरतो. अडीचशे-तीनशे ओहमचे स्टुडिओचे हेडफोन फोनवर क्षीण वाजतात आणि त्यांना वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. फोनला गोल खाच नसेल तर टाइप-सीची जोडणी घ्यावी लागते, आणि तिथे नीट विचारून घ्यावे, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या जोडण्या आतून दोन प्रकारच्या असतात: एकीत स्वतःचा डॅक असतो, दुसरीत नुसत्या तारा असतात आणि त्यांना फोनच्या पोर्टमधून तयार ध्वनी मिळावा लागतो, जो कित्येक फोन देत नाहीत. भाचीसाठी आम्ही डॅकवाली घेतली. दुकानदाराने आधी दुसरीच दिली होती. तिच्या फोनला लावून पाहिल्यावर आवाज आला नाही, तेव्हा त्याने काही न बोलता ती बदलून दिली.